सहा आठवड्यांचा सुरक्षा अधिकारी

मला सुरक्षा अधिकारी व्हायचं नव्हतं. मला काहीच व्हायचं नव्हतं, आणि बहुधा त्यामुळेच माझी निवड झाली.

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. इंटर सायन्सला दोनदा आपटून मी डोणगावला घरी बसलो होतो. वडील शाळामास्तर. रोज सकाळी ते दुसऱ्यांच्या पोरांना घडवायला जात आणि संध्याकाळी येऊन माझ्याकडे पाहत. शेवटी त्यांनी ओळख काढून मला नांदुऱ्याच्या एका जिनिंग फॅक्टरीत चिकटवलं. कापसाच्या गाड्या आल्या की त्यांना नंबराच्या चिठ्ठ्या द्यायच्या, हे माझं काम. हे काम फाटकावरचा पहारेकरीही करू शकला असता, आणि मी उशिरा आलो की तोच करायचा.

त्या वर्षी फॅक्टरी इन्स्पेक्टर आला आणि तपासणीच्या वहीत शेरा मारून गेला, की या कारखान्यात सुरक्षेचं शिक्षण घेतलेला एकही माणूस नाही, तरी ताबडतोब पाठवावा. मालकांनी तो शेरा दोनदा वाचला आणि ऑफिसात नजर फिरवली.

"मुनीम गेला त काम अडते. फिटर गेला त जिन अडते," ते म्हणाले. मग माझ्याजवळ येऊन थांबले. "तू गेला त काय अडते बे?"

मी प्रामाणिकपणे विचार केला. "काही नाही."

"मंग तूच जाय."

शिक्षण सहा आठवड्यांचं होतं आणि ते श्रावणात होतं. जिनिंगची कुणाला माहिती नसेल तर सांगतो, कापूस दिवाळीच्या सुमाराला येतो. तेव्हापासून उन्हाळ्यापर्यंत रेचे, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणारी यंत्रं, धडधडत असतात. श्रावणात सगळ्या जिल्ह्यात एकही रेचा फिरत नाही. कबुतरं त्यांच्यावर अंडी घालतात. यंत्रांपासून माणसं कशी वाचवावीत हे शिकवायला सरकारी खात्याने नेमका तो महिना निवडला, कारण त्या महिन्यात कारखान्यांचं कामाचं नुकसान होत नाही.

वर्ग शेगावला, एका लॉजच्या वरच्या मजल्यावर भरायचा. आम्ही चौदा जण होतो. त्यातले दहा मालकांचे भाचे-पुतणे होते. ते सकाळी दर्शनाला जात आणि दुपारी जेवून वर्गात झोपत. मधूनच एखादी म्हातारी जिना चढून वर येई आणि विचारी, "प्रसाद इथंच मिळते का बापा?" सर चिडून तिला खाली पाठवत. माझ्या मते सहा आठवड्यांत त्या वर्गात विचारला गेलेला तो सगळ्यांत शहाणा प्रश्न होता.

सर मुंबईच्या कापडगिरणीतून निवृत्त झालेले. कोट घालायचे. आमचं 'मले' आणि 'तुले' ऐकलं की डोळे मिटून घ्यायचे, जसं काही कुणी पाटीवर नख ओढलंय. पहिला आठवडा त्यांनी 'सुरक्षितता' हा शब्द आमच्याकडून घोटवून घेण्यात घालवला. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी खाणीतल्या शिरस्त्राणाचं चित्र काढलं. आमच्या मुलखात खाण नव्हती, पण चित्र सुंदर होतं आणि मी ते हुबेहूब उतरवलं. तिसऱ्या आठवड्यात आम्हाला एक बंद जिनिंग दाखवायला नेलं. तिथे सरांनी एका रेच्याच्या दोन रुळांमध्ये बोट घातलं आणि म्हणाले, "इथे धोका!" बोट बाहेर आलं तेव्हा त्याला कोळ्याचं जाळं चिकटलेलं होतं. मग त्यांनी हळूच माझ्याकडे वळून विचारलं, "कापूस इकडून घालतात की तिकडून?"

आणि तरी मी त्यांची वाक्यं लिहून घेत होतो. 'अपघाताचे मूळ कामगाराच्या डोक्यात असते.' हे वाक्य मी लाल शाईने लिहिलं आणि पट्टी लावून खाली रेघ ओढली. इंटरला दोनदा नापास झालेल्या माणसाला कुणीतरी हुशार म्हणणं फार गोड लागतं. सर मला हुशार म्हणायचे.

वर्गात एकच माणूस असा होता ज्याने आयुष्यभर यंत्रांत काम केलं होतं. तो नांदुऱ्याच्याच दुसऱ्या एका जिनिंगमध्ये आईलमन होता. फिरत्या यंत्रांना तेल घालणं हे त्याचं काम. पन्नाशीचा, काळा, बारीक. त्याच्या मालकाने भाचा पाठवला असता, पण भाच्याचं लग्न निघालं. आईलमनला सहीपुरतं लिहिता येत होतं. त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं नव्हती.

सरांना हे दुसऱ्या दिवशी दिसलं आणि त्यांना आनंद झाला. त्यांनी त्याला पुढे बोलावलं, हात वर करायला लावला आणि म्हणाले, "पाहा. निष्काळजीपणाचं फळ."

आईलमन हात वर धरून म्हणाला, "साहेब, थे तसं नाही. पट्टा घसरला होता. मी इंजिन थांबवा म्हनलं, त मालकानं थांबवू देल्लं नाही. चालू शाफ्टावर चढव म्हने."

"म्हणजे चालू यंत्राला हात लावलास. नियम मोडलास!"

वर्ग हसला. सगळ्यांत मोठ्याने मी हसलो. आईलमनने हात खाली घेतला आणि जागेवर जाऊन बसला.

आम्ही दोघं रोज एकाच पॅसेंजरने नांदुऱ्याला परतायचो. मी हसलो होतो याचा त्याने राग धरलेला दिसला नाही. मला वाटलं, मठ्ठ आहे. एकदा जलंबला गाडी बराच वेळ अडकून पडली, तेव्हा तो माझ्या वहीकडे पाहत म्हणाला, "बाबू, वहीत लिव, काई हरकत नाही. पन कामावर गेला का पयले दारं पाह्य."

"दारं?"

"मानूस कुठून येते, कुठून जाते, पानी कुठं पेते, लघवीले कुठं जाते, थे पाह्य. मशीन काई कोनाच्या घरी जाऊन हात खात नाही. मानूस तिच्यापाशी काऊन गेला, थे पाह्य पयले."

मी मान हलवली आणि खिडकीबाहेर पाहिलं. ते वहीत लिहिलं नाही. अडाणी माणसाचं बोलणं लाल शाईत लिहायचं की निळ्या, हे सरांनी सांगितलं नव्हतं.

शेवटी परीक्षा झाली. आईलमनची तोंडी घेतली. सरांनी विचारलं, "अपघाताची व्याख्या सांग."

तो म्हणाला, "अपघात म्हंजे साहेब... जे होनार हाय थे सगळ्याईले मालूम रायते, तरी होते."

सरांनी वहीत भोपळा काढला. मी व्याख्या तोंडपाठ म्हटली, साडेतीन ओळींची. मी पहिला आलो. आईलमन एकटाच नापास झाला. झोपलेले भाचे-पुतणे सगळे पास झाले.

दिवाळीनंतर हंगाम सुरू झाला. मालकांनी माझं प्रमाणपत्र काच लावून ऑफिसात टांगलं, इन्स्पेक्टरच्या खुर्चीवरून बरोबर दिसेल असं. मी खाकी शर्ट शिवून घेतला आणि गळ्यात शिट्टी अडकवली. शिट्टी सरांच्या यादीत होती, 'धोक्याची सूचना देण्यासाठी'.

आमच्या जिनिंगमध्ये उंच ओट्यावर रेच्यांच्या दोन रांगा होत्या. प्रत्येक रेच्यापाशी एक बाई बसायची आणि हाताने कापूस घालायची; कापसातला कचरा वेचणाऱ्या बाया खाली अंगणात बसायच्या. ओट्याखाली एक बुटकी गल्ली होती. त्या गल्लीतून लोखंडी शाफ्ट या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरायचा आणि पट्ट्यांनी सगळे रेचे ओढायचा. गल्लीत वाकून चालावं लागे. शाफ्ट कमरेशी असे. मी पाहिलं, तर बाया त्या गल्लीतून ये-जा करत होत्या. घामाघूम, डोक्यापासून पायापर्यंत रुईने पांढऱ्या झालेल्या, पदर खोचून, एकीमागून एक.

मला वाटलं, हाच तो निष्काळजीपणा. मी एक पाटी रंगवून घेतली. 'धोका! आत जाण्यास सक्त मनाई आहे.' वर कवटी, खाली दोन हाडं. गल्लीच्या तोंडाशी ती खिळ्याने ठोकली. एकाही बाईला वाचता येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी पाटीच्या खिळ्याला तीन भाकरीची फडकी लटकत होती.

मी बायांच्या मुकादमिणीला बोलावलं. चाळिशीची, रुंद हाडाची बाई. सगळ्या बायांना कामावर आणायची आणि घरी न्यायची जबाबदारी तिची. माझं बोलणं तिने कमरेवर हात ठेवून ऐकून घेतलं.

"झालं तुहं? आता माह्यं आयक. पान्याचा हौद कुठं हाय?"

"मागे."

"संडास?"

"मागे."

"मागच्या दाराले काय हाय?"

मागच्या दाराला कुलूप होतं. बाया ओटीत रुई लपवून नेतात असा मालकांचा समज होता. म्हणून दोन हंगामांपासून ते दार बंद होतं. पुढच्या फाटकातून वळसा घालून जावं, तर पहारेकरी जेवणाच्या सुट्टीशिवाय फाटक उघडत नसे. उरली शाफ्टाची गल्ली.

"मंग? तहान लागली त का उडून जावं आमी?" ती म्हणाली. "थे चित्र काढ तिकडचं. कुलूप काढ."

मी मालकांकडे गेलो. आयुष्यात पहिल्यांदा कामाचं काही बोलायला गेलो होतो. मालक म्हणाले, "तुले सुरक्षेसाठी ठेवलं का चोरीसाठी?"

"पण बाया गल्लीतून..."

"पाटी लावली ना तू? मंग झालं तुहं काम."

आणि खरं सांगतो, मला बरं वाटलं. माझं काम झालं होतं. पुढचा महिनाभर मी खाकी शर्ट घालून फिरलो. कुणाचा पदर सुटलेला दिसला की टिपून ठेवायचा, बादल्यांत वाळू आहे का पाहायचं, आणि वाळूत विड्या विझवलेल्या दिसल्या की त्याही टिपायच्या. वही भरत चालली होती. त्या वहीचा मला अभिमान होता.

ते मार्गशीर्षात झालं, दुपारची सुट्टी संपल्यावर तासाभराने. मी गल्लीच्या तोंडाशी उभा होतो. शेवटच्या रेच्यावरची एक बाई पाणी पिऊन गल्लीतून परत येत होती. ओला हात पुसायला तिने खोचलेला पदर सोडला. शाफ्टाच्या जोडावर बोल्टांची डोकी वर आलेली असतात. पदराचं टोक त्यांतल्या एकात अडकलं. लुगडं गुंडाळलं जाऊ लागलं. ती ओढली गेली, खांद्यावर आपटली, फिरत्या लोखंडाला चिकटली.

मी शिट्टी वाजवली.

एवढंच मी केलं. वर चोवीस रेचे धडधडत होते. माझी शिट्टी माझी मलाच ऐकू येत नव्हती. मी पुन्हा फुंकली, पुन्हा फुंकली. इंजिनखोली वीस पावलांवर होती. मी धावलो नाही. सूचना द्यायची हे शिकलो होतो, धावायचं हे कुठल्याही पानावर नव्हतं.

वरून मुकादमिणीने पाहिलं. तिने नंतर सगळ्यांसमोर सांगितलं की तिला शिट्टी ऐकू आली नाही, माझे फुगलेले गाल दिसले. तिला आधी वाटलं, हा येडा काय करून राह्यला. मग मी कुठे पाहतोय ते तिने पाहिलं. पोत्यांची सुतळी कापायचा विळा हातात होता, तो घेऊन ती ओट्यावरून खाली उडी मारून गल्लीत शिरली. पोट जमिनीला लावून सरपटत गेली आणि लुगडं कापलं. दोनदा. तेवढ्यात दुसऱ्या एकीने धावत जाऊन इंजिन थांबवायला लावलं होतं.

सगळं एकदम गप्प झालं. त्या शांततेत माझी शिट्टी अजून वाजत होती. मुकादमीण गल्लीतून ओरडली, "बंद कर बे थे!"

बायांनी त्या बाईभोवती कडं केलं, एकीने मोकळं पोतं आणून तिच्या अंगावर टाकलं. तिला टांग्यात घालून दवाखान्यात नेलं. खांदा निखळला होता, हाताचं हाड मोडलं होतं, बरगड्यांना मार होता. जीव वाचला.

मी ऑफिसात गेलो आणि अपघाताचा फॉर्म काढला. तो भरायला मला कुणी सांगितलं नव्हतं. मालक तेव्हा गावात नव्हते. कुणी धमकी दिली नाही, कुणी समजावलं नाही. मी स्वतः, माझ्या सुंदर अक्षरात, 'अपघाताचे कारण' या रकान्यात लिहिलं: 'कामगार स्त्रीचा निष्काळजीपणा व मनाई असलेल्या जागी प्रवेश.' सरांनी नमुन्यासाठी दिलेलंच वाक्य होतं. शाई वाळेपर्यंत मी त्यावर फुंकर घातली.

संध्याकाळी मालकांनी तो वाचला आणि मुनिमाला म्हणाले, "पाह्य, शिकून आलं पोट्टं."

दुसऱ्या दिवशी बाया आल्या, पण ओट्यावर चढल्या नाहीत. अंगणात बसल्या. बाहेर कापसाच्या गाड्या स्टेशनच्या रस्त्यापर्यंत लागलेल्या, बैल ओरडतायत, व्यापारी फाटकाशी भांडतायत. मालकांनी मला पुढे केलं. "जाय, समजाव. शिकायले कायले धाडलं होतं?"

मी वही घेऊन त्यांच्यासमोर उभा राहिलो आणि नियम वाचायला सुरुवात केली. मुकादमीण म्हणाली, "बाबू, खाली बस."

"का?"

"उभा राह्यला का तू वाचतं."

बाया हसल्या. मी खाली बसलो. वही मिटली. ती म्हणाली, "कुलूप." बस, एवढाच शब्द.

सूर्य डोक्यावर यायच्या आत मालक स्वतः किल्ल्यांचा जुडगा घेऊन मागच्या दाराशी आले. किल्ली फिरेना. दोन हंगामांचा गंज. शेवटी फिटरने हातोड्याने कुलूप तोडलं. बाया उठल्या, आधी हौदावर जाऊन पाणी प्यायल्या, मग कामाला बसल्या. सहा आठवडे, प्रमाणपत्र, शिट्टी, कवटी आणि दोन हाडं यांच्याने जे झालं नाही, ते चाळीस-पन्नास बाया एक सकाळ जमिनीवर बसल्यावर झालं.

पण फॉर्म अजून टेबलावर होता, आणि त्याला त्या बाईचा अंगठा हवा होता. मी तिच्या घरी गेलो. गावाबाहेरच्या वस्तीत मातीचं घर. ती भिंतीला टेकून बसली होती, हात गळ्यात बांधलेला. मी शाईची डबी काढली.

"काय लिवलं?" तिने विचारलं.

मी वाचून दाखवलं. वाचताना कारणाचा रकाना गाळावा असं मनात आलं, पण तेवढीही अक्कल वेळेवर सुचली नाही.

"निष्काळजी म्हंजे?"

"म्हणजे... लक्ष न देणं."

ती रागावली नाही. मला काहीतरी समजावून सांगावं तशी म्हणाली, "मी त रोज लक्ष देऊनच जात होती. दिसातून चार खेपा. लक्ष देल्लं म्हून त इतके दिस काई झालं नाही." मग तिने विचारलं, "दार उघडलं म्हंतेत, खरं हाय?"

"हो."

"मंग ह्या कागदाले आंगठा कायले पायजे?"

मी अंगठा न घेता परत आलो. त्याच दिवशी नवा फॉर्म लिहिला. 'मागील दार कुलूपबंद असल्याने कामगारांना शाफ्टाखालून जाणे भाग पडत होते.' मालकांनी तो वाचला, घडी करून टेबलाच्या खणात टाकला आणि पहिलाच फॉर्म, अंगठ्याविना, टपालात दिला. मी आरडाओरडा केला नाही. राजीनामा दिला नाही. तो खण एकदा उघडा राहिलेला मी पाहिला, आणि त्यातला माझा कागद काढून स्वतः पोस्टात टाकण्याइतका मी मोकळा होतो. टाकला नाही. सरांना हसण्याचा हक्क मला आजही आहे, पण मालकांना हसण्याचा नाही, कारण मालक निदान आपल्या फायद्यासाठी खोटे होते. मी फुकटात होतो.

उघड्या दारावर मालकांनी झडतीसाठी एक बाई बसवली. ती येता-जाता सगळ्यांच्या ओट्या चाचपायची. बाया त्याचा राग माझ्यावर काढायच्या. "आनखी शिट्टी वाजव," म्हणायच्या.

पुढच्या हंगामाला अपघातातली ती बाई परत कामाला आली. उजवा हात खांद्याच्या वर उचलला जात नव्हता. मालकांनी नियम काढला, की सुरक्षा अधिकारी लेखी देईल तरच तिला घ्यायचं. माझ्यासमोर कोरा कागद आला. मुकादमीण दारात येऊन उभी राहिली.

सरांच्या वर्गातल्या माझ्या वहीत याबद्दल एक पान होतं. शारीरिक क्षमतेच्या चाचण्या, वजन उचलणं, हात सरळ वर करून दाखवणं. त्या पानाप्रमाणे ती काम करायला नालायक ठरत होती.

"रेच्यावर नको," मी मुकादमिणीला म्हणालो. "कापसातला कचरा वेचायला बसवता येईल का? ओट्यापासून लांब?"

"बसवीन. तू लिव."

मी लिहिलं, 'काम करण्यास सक्षम.' खाली सही केली, आणि त्या सहीपुढे पहिल्यांदाच हुद्दा लिहिला नाही.

ती बाई अंगणात, सावलीत, डाव्या हाताने कचरा वेचू लागली. पुढचे तीन हंगाम मी तिला तिथे पाहिलं. मग मला मेहकर तालुक्यात एका शाळेत सामान्य विज्ञान शिकवायची नोकरी लागली, तेव्हा मी नांदुरा सोडलं. निघताना निरोप घ्यायला अंगणात गेलो, तर ती बायांशी बोलण्यात गुंग होती. मी थोडा वेळ थांबलो, आणि मागच्या दाराने स्टेशनकडे निघालो. झडतीच्या बाईने माझी पिशवीही चाचपली.